दवाखान्याची वर्गणी

सोनेतारण कर्जाच्या अर्जात 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असतो. मी कोल्हापुरातल्या ज्या पतसंस्थेत काम करते तिथं या रकान्यात ठरावीक शब्द येतात. उन्हाळ्यात 'लग्न', जूनमध्ये 'शाळेची फी' आणि 'बी-बियाणे', गणपतीच्या आसपास 'घरगुती'. 'दवाखाना' हा शब्द मात्र बारा महिने येतो. त्याला हंगाम नाही.

'दवाखाना' लिहिणारी बहुतेक वेळा बाईच असते. रुमालात बांधलेल्या पाटल्या, कधी बोरमाळ, कधी साज. साज आला की आमचे सोनार जास्त वेळ घेतात, कारण कोल्हापुरी साजाच्या मण्यांत लाख भरलेली असते. काट्यावर दिसणारं वजन वेगळं आणि सोन्याचं वजन वेगळं. ते एकेक पान उलटं करून बघतात, कसोटीवर घासतात, मग लाख वजा, दोरा वजा, डाग वजा. घरात पिढीजात 'चार तोळ्यांचा' म्हणून माहीत असलेला साज कागदावर बराच खाली येतो. आकडा ऐकून समोरची बाई क्षणभर काही बोलत नाही. मग म्हणते, "मॅडम, जरा वाढवून धरा की. पेशंट आत घेतलाय, पण ॲडव्हान्स भरल्याबिगार ऑपरेशनची वेळ देईनात." वाढवून धरणं माझ्या हातात नसतं. पिशवी सील होते, दोन सह्या होतात, पैसे घेऊन ती रिक्षानं राजारामपुरीकडं निघते.

हे रोज बघत असल्यामुळं 'देश आरोग्याचा खर्च कसा भागवतात' हा विषय मला अर्थशास्त्राच्या पुस्तकातला वाटत नाही. तो आमच्या काउंटरवरचा आहे. गेली काही वर्षं मी जमेल तसं यावर वाचत आले आणि वाचताना एक गोष्ट पक्की होत गेली. आजाराचे पैसे कुठंही माणसांकडूनच गोळा होतात. ते आजार होण्याआधी गोळा होतात की नंतर, आणि सगळ्यांकडून होतात की ज्याच्यावर वेळ आली त्याच्याच घरातून, एवढ्यावर देशादेशांतला सगळा फरक येऊन थांबतो.

कोल्हापूरला वर्गणी नवी नाही. पेठेत कुणावर वेळ आली की तालमीतली पोरं रातोरात पैसे उभे करतात. मोबाइलच्या स्टेटसवर पेशंटचा फोटो, दवाखान्याचं नाव आणि क्यूआर कोड लागतो, भावकी जमते, दूध संस्थेतून उचल मिळते, उसाच्या बिलावर कुणीतरी हातउसने देतं. रक्त तर मागायच्या आधी हजर. मला या गावाचा त्यासाठी मनापासून अभिमान आहे. पण ही सगळी आजारानंतरची वर्गणी आहे, आणि ती माणूस बघून जमते. ज्याच्यामागं तालीम आहे, ज्याचे मित्र चार आहेत, ज्याचं पोरगं फुटबॉलच्या संघात आहे, त्याची जमते. शिरोली एमआयडीसीत भट्टीवर काम करणारा बिहारचा कामगार, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी, जिच्या नवऱ्याचं आणि भावकीचं पटत नाही अशी सून, यांची जमत नाही. शिवाय जमली तरी एकदाच जमते. दुसऱ्या वेळी हात आखडतात, तिसऱ्या वेळी फोन उचलले जात नाहीत. कॅन्सर काही एका वर्गणीत संपत नाही.

आजाराआधीची वर्गणी म्हणजे विमा. तोही आधी कुठल्या कंपनीनं किंवा सरकारनं शोधून काढला नाही, कष्टकऱ्यांनीच उभा केला. जर्मनीत कारागिरांच्या संघांनी आणि खाणकामगारांनी आपापले मदतनिधी पिढ्यान्‌पिढ्या चालवले होते. दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे आणि कुणी पडला, मोडला तर त्यातून द्यायचे. १८८३ साली जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कनं कायदा केला तेव्हा त्यानं हे निधी मोडले नाहीत, त्यांना कायद्याचा आधार दिला आणि कारखान्यातल्या कामगारांना त्यांत सामील होणं सक्तीचं केलं. सुरुवातीला वर्गणीचा दोनतृतीयांश भाग कामगाराचा आणि एकतृतीयांश मालकाचा होता, आता दोघांचा निम्मा निम्मा. आज तिथं मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के आहे. ती पगाराच्या प्रमाणात ठरते, आजाराच्या प्रमाणात ठरत नाही. साखरेचा आजार असलेला फिटर आणि ठणठणीत फिटर सारखाच आकडा भरतात, कारण पगार सारखा आहे. बायको-मुलांना उत्पन्न नसेल तर ती त्याच वर्गणीत येतात.

वेल्समध्ये ट्रेडेगर नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे. तिथल्या कामगारांनी १८९० मध्ये वैद्यकीय मदत संस्था काढली. पगाराच्या प्रत्येक पौंडामागं काही पेन्स कापून घेत, त्यातून संस्थेचे डॉक्टर, औषधं आणि पुढं दवाखाना चाले. अन्युरिन बेव्हन त्याच गावचा, खाणीत काम केलेला आणि तिथल्या दवाखान्याच्या समितीवर बसलेला. पुढं तो ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला त्यानं सगळ्या देशासाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. डॉक्टरकडं जा, दवाखान्यात झोपा, काउंटरवर पैसे नाहीत. पैसे करातून. गावच्या वर्गणीची देशाची वर्गणी झाली.

तिसरं गाव अमेरिकेतलं डॅलस. १९२९ मध्ये तिथल्या बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयानं शाळाशिक्षकांसाठी योजना काढली. महिन्याला ५० सेंट भरायचे, वेळ आली तर २१ दिवस रुग्णालयात राहण्याचा खर्च रुग्णालयाचा. यातून पुढं ब्लू क्रॉस नावाच्या विमा योजना देशभर पसरल्या. सुरुवातीला त्याही म्हाताऱ्या-तरुणांना एकाच दरानं घेत. पण सामील होणं प्रत्येकाच्या मर्जीवर ठेवलेलं होतं. मग खाजगी कंपन्या बाजारात उतरल्या. त्यांनी तरुण, धडधाकट नोकरदारांचे गट निवडले आणि त्यांना कमी दर दिला. धडधाकट माणसं तिकडं गेली, मागं राहिलेल्यांत आजारी जास्त उरले, ब्लू क्रॉसला दर वाढवावे लागले आणि शेवटी एक दर सगळ्यांना हे तत्त्व सोडावं लागलं. महायुद्धात १९४२ मध्ये पगारवाढीवर बंदी आली तेव्हा मालकांनी कामगार टिकवायला पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली. नोकरी आहे त्याला विमा, नोकरी गेली की विमा गेला. म्हातारे आणि गरीब इतके उघड्यावर राहिले की १९६५ मध्ये सरकारला त्यांच्यासाठी मेडिकेअर आणि मेडिकेड काढावं लागलं.

तिन्हीकडं उगम एकच, कामगारांच्या खिशातली नाणी. पुढची वाट वेगळी झाली ती एका मुद्द्यावर: वर्गणीत सगळे असणार की ज्याला वाटेल तो असणार.

भिशीचं उदाहरण देते, कारण आमच्याकडं प्रत्येक बाईला ते कळतं. भिशी चालते कारण प्रत्येकीचा नंबर एकदा लागणार हे ठरलेलं असतं आणि चिठ्ठी उघडेपर्यंत आधी कुणाचा हे कुणालाच माहीत नसतं. समजा काहींना आपला नंबर कधी लागणार ते आधीच कळलं, नंबर लागायच्या महिन्यात सामील व्हायची आणि नंतर बाहेर पडायची मुभा मिळाली, तर ती भिशी दोन महिनेही टिकणार नाही. ऐच्छिक आरोग्य विम्याची मुळातली अडचण हीच आहे. छातीत दुखायला लागलेला माणूस पॉलिसी शोधायला लागतो आणि पंचविशीतलं पोरगं म्हणतं, मला काय धाड भरलीये. मग खर्च वाढतो, हप्ता वाढतो, त्यामुळं अजून काही धडधाकट माणसं बाहेर पडतात, हप्ता परत वाढतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर लेख लिहिला होता. पासष्टी ओलांडलेल्यांना आरोग्य विमा मिळणं इतकं अवघड का, हेही त्यानं त्याच लेखात त्याच तर्कानं उलगडून दाखवलं. पुढं २००१ चं नोबेल त्याला विभागून मिळालं.

कंपनीला हे चांगलं माहीत असतं, म्हणून ती स्वतःचा बचाव करते. वयानुसार हप्ता, आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ (आपल्या विमा नियामकानं तो २०२४ मध्ये चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला), खोलीभाड्याची मर्यादा, काही शस्त्रक्रियांना ठरावीक रकमेची कमाल.

खोलीभाड्याचं कलम मी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या पॉलिसीत पहिल्यांदा नीट वाचलं. पॉलिसी तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. त्यांना दाखल केलं तेव्हा कमी भाड्याची खोली शिल्लक नव्हती, ५,००० ची मिळाली. त्यांना वाटलं होतं, वरचे २,००० आपण भरू. पण कलम असं होतं की खोली मर्यादेच्या वरची घेतली तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या तेवढ्या त्यातून सुटतात. पाचातले तीन मान्य, दोन नामंजूर. १,२०,००० चा हा भाग ७२,००० वर आला. सर व्हरांड्यात बसून म्हणाले, "मी काय हौसेनं गेलतो का त्या खोलीत?" त्यांच्याकडं शिल्लक होती म्हणून निभावलं. कंपनीनं फसवलं असं मी म्हणणार नाही, सगळं छापलेलं होतं. पण अडतीस वर्षं मुलांना मराठी शिकवलेल्या माणसाला जे वाचून उमगलं नाही, ते बाकीच्यांना दुखणं अंगावर असताना दाखल व्हायच्या रात्री कसं उमगावं? मला या प्रकाराचा राग येतो आणि तो यावाच असं वाटतं.

भारतात मेडिक्लेम, म्हणजे दवाखान्याच्या खर्चाची विमा पॉलिसी, १९८६ मध्ये आलं. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९४६ मध्ये, देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करायला नेमलेल्या भोर समितीनं सांगितलं होतं की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. म्हणजे बेव्हनची योजना सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी आपल्याकडं कागद तयार होता. तो रस्ता आपण अर्धवट सोडला. आणि हप्ता भरू शकणाऱ्यांना मात्र आधी प्राप्तिकरात सूट दिली, नंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही काढला. जीएसटी काढला ते बरं झालं, माझ्याही पॉलिसीचा हप्ता उतरला. पण जिनं पाटल्या गहाण ठेवल्या तिला यातून काही मिळालं नाही.

ऐच्छिक विमा गरिबांसाठी स्वस्त करून पाहिला तर? हाही प्रयोग झालेला आहे. थायलंडनं १९८३ पासून खेड्यापाड्यांत आरोग्य कार्ड विकली. पुढं तर घरटी ५०० बाट कुटुंबानं भरायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. तरी ज्यांच्या घरात दुखणं होतं त्यांनीच जास्त करून ती घेतली आणि योजनेचा जमाखर्च काही जुळला नाही. २००२ मध्ये त्यांनी ती गुंडाळली आणि करातून सगळ्यांना सामावून घेतलं. सुरुवातीला रुग्णाला भेटीमागं ३० बाट द्यावे लागत, म्हणून लोक तिला तीस बाटची योजना म्हणत. आज तिथं आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे. थायलंड काही तेव्हा श्रीमंत देश नव्हता.

आपल्या शेजारचा प्रयोग तर मला फारच जवळचा वाटतो. कागलच्या पुढं गेलं की कर्नाटक. तिथं २००३ मध्ये यशस्विनी योजना सुरू झाली. सहकारी संस्थेचा सभासद असलेल्या शेतकऱ्यानं वर्षाला माणशी फक्त ६० रुपये भरायचे आणि त्यात शस्त्रक्रियांचा खर्च. हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांची ती कल्पना. पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख लोक आले. शेतकऱ्याचा पैसा जिथून फिरतो तिथूनच वर्गणी घ्यायची, ही त्यातली हुशारी. पण वर्गणी ६० वरून १२० केली तेव्हा सभासद घटले, आणि सरकारच्या मदतीशिवाय ती कधीच स्वतःच्या पायावर उभी राहिली नाही. २०१८ मध्ये सरकारी योजनेत ती विलीन झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. इतक्या लोकांच्या शस्त्रक्रिया तिच्यातून झाल्या, त्यामुळं तिला फसलेली म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण सहकाराच्या जोरावर, साठ रुपयांतही, मर्जीवर सोडलेली वर्गणी डळमळीतच राहते हे तिनं दाखवून दिलं.

खाजगी कंपन्या असल्या म्हणजे सगळं बिघडतं असंही नाही. नेदरलँड्समध्ये २००६ पासून सगळा मूळ विमा खाजगी कंपन्याच देतात. पण विमा घेणं प्रत्येकाला सक्तीचं, कंपनीला कुणालाही नाकारता येत नाही, एका योजनेला म्हाताऱ्याला आणि तरुणाला एकच हप्ता, आणि ज्या कंपनीकडं आजारी जास्त तिला सामायिक निधीतून जास्त पैसे. म्हणजे आजारी माणूस कंपनीला ओझं वाटायचं कारणच राहत नाही. स्वित्झर्लंडनं १९९६ मध्ये सक्ती केली. आयर्लंडनं १९५७ मध्ये कायदा करून ऐच्छिक विम्यासाठी सरकारी मंडळच काढलं. तिथं आजही निम्म्याच्या आसपास लोक स्वखुशीनं विमा घेतात, पण त्यांनाही एका योजनेला सगळ्या वयांत एकच दर ठेवावा लागला आणि २०१५ पासून पस्तिशीनंतर उशिरा येणाऱ्याला वर्षामागं दोन टक्के जादा लावावे लागले. चिलीची गोष्ट उलटी. १९८१ मध्ये तिथं पगारातली सक्तीची वर्गणी सरकारी निधीत टाका किंवा खाजगी कंपनीत न्या अशी मोकळीक दिली. तरुण आणि बऱ्या पगाराचे खाजगीकडं गेले, म्हातारे, गरीब आणि जुनाट आजारवाले सरकारीत राहिले. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना खाजगी कंपन्या जास्त दर लावत. फ्रान्समध्ये खाजगी पूरक विमा जवळजवळ सगळ्यांकडं आहे, पण तो सक्तीच्या विम्यातून सुटलेली उरलीसुरली रक्कम भरण्यापुरता. ऐच्छिक विम्याची जागा मला तिथं दिसते. पायाभरणी झाल्यावर वरच्या मजल्यावर.

आता आपलं घर. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढं राज्यभर गेली आणि तिचं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असं नामकरण झालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ला आली. २०२४ पासून राज्यात पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. वर्गणी करातून गेलेली आहे, वेगळी भरायची नाही. सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं. ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपण तिचं मोल कमी करतो. आमच्याकडं सोनं घेऊन येणाऱ्यांना मी आता पहिल्यांदा हेच विचारते, "कार्ड काढलंय का? दवाखाना योजनेत आहे का? आरोग्यमित्राला भेटला का?" पुष्कळांना पांढऱ्या कार्डावरही मिळतं हे ठाऊक नसतं. काही जण चौकशी करून परत येतात आणि साज पुन्हा रुमालात बांधून घरी नेतात. संस्थेचा तेवढा धंदा बुडतो, त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही.

पण काही जण चौकशी करूनही सोनं ठेवायलाच येतात. त्यांची कारणं मी ऐकते. दवाखाना योजनेत नाही. दवाखाना आहे, पण हा आजार यादीत नाही. आजार यादीत आहे, पण दाखल होण्याआधीच्या तपासण्यांना पंधरा हजार गेले. घरी सोडल्यावरच्या गोळ्या बाहेरून घ्यायच्या आहेत. चंदगडहून शंभर किलोमीटरच्या वर येऊन आठ दिवस पेशंटजवळ थांबलेल्या माणसाचं खाणं, एसटी आणि बुडालेली मजुरी. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तर कुणी दाखल होत नाही. त्या महिन्याच्या महिन्याला खिशातून जातात, आणि ज्या महिन्यात जात नाहीत त्याचा हिशेब पुढं डायलिसिसच्या खुर्चीवर होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. उतरला हे खरंच. तरी शंभरातले चाळीस रुपये म्हणजे गहाणखत आहेच. सरकारचा खर्च तेव्हा देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचा शब्द दिला होता.

उद्यमनगरातल्या फाउंड्रीतल्या कामगाराला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, असतं. १९४८ च्या कायद्याचं हे जुनं खोड मला फार मोलाचं वाटतं. पगारातून ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, आणि त्यात बाह्यरुग्ण तपासणी, औषधं, घरची माणसं, आजारपणातल्या रजेचा पगारसुद्धा. बिस्मार्कच्या कायद्याचा हा आपला वारस. पण महिना २१,००० च्या वर पगार गेला की माणूस बाहेर. ज्यांना ठेकेदारानं कागदावर आणलेलंच नाही ते तर आतच आले नाहीत. हुपरीचा चांदी कारागीर, सुभाषनगरात चपला शिवणारा, भेंडी-कोथिंबीर घेऊन बसणारी बाई, यांना मालकच नाही.

म्हणून मला सीपीआर, म्हणजे आमचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, फार महत्त्वाचं वाटतं. जुने लोक अजून त्याला थोरला दवाखानाच म्हणतात. संस्थानी काळात ते आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. तिथं पेशंट नुसत्या कोल्हापूरचा येत नाही, कोकणातून येतो, सांगलीकडून येतो, सीमेपलीकडून येतो. सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहिलं की करातून चालणारी आरोग्यव्यवस्था म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. तिथं रेशन कार्डाचा रंग विचारून सुई टोचत नाहीत. तिथल्या औषधखिडकीवर चिठ्ठीवरची सगळी औषधं मिळाली, तर आमच्या संस्थेतले किती साज घरीच राहतील याचा मला अंदाज आहे. बाहेरच्या मेडिकलमधून आणायला सांगितलेली प्रत्येक चिठ्ठी ही आजारानंतरची वर्गणी आहे.

सक्ती म्हटलं की आपली माणसं बिचकतात. "ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा विमा, दुसऱ्यावर कशाला लादता?" हे मी संचालकांच्या तोंडूनही ऐकलंय. त्यांना मी याच शहरातली गोष्ट सांगते. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. ते पालकांच्या मर्जीवर सोडलं असतं तर कुणाची मुलं शाळेत गेली असती आणि कुणाची गुरांमागं, हे सांगायला नको. मोफत आणि सक्तीचं, हे दोन्ही त्यांनी जोडीनं ठेवलं. नुसतं मोफत ठेवलं असतं तर ज्यांना शिक्षणाची किंमत आधीच कळली होती तेच आले असते. नुसती सक्ती केली असती तर ती गरिबाला जाच झाली असती. आज आमच्यातला कुणी त्या सक्तीला अन्याय म्हणत नाही.

आणि सक्ती आपल्याला खरंच चालत नाही असंही नाही. म्हशीसाठी कर्ज दिलं तर आम्ही जनावराचा विमा उतरवल्याशिवाय पैसे सोडत नाही. डॉक्टर येतो, म्हशीच्या कानात बिल्ला ठोकतो, नंबर फाइलला लागतो. त्यावर कुणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही, कारण म्हैस मेली तर कर्ज बुडणार हे सगळ्यांना समजतं. त्या म्हशीला पहाटे चारला उठून वैरण घालणारी, धार काढणारी बाई आजारी पडली तर घर बुडतं. तिच्या नावावर आमच्या फाइलमध्ये काही नसतं.

आमच्या संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरात असते. त्यासाठी मी संचालक मंडळापुढं एक लेखी प्रस्ताव ठेवलाय. पहिलं काम सरकारी कार्डाचं: संस्थेत एक संगणक आणि एक माणूस महिनाभर नुसता यासाठी बसवायचा आणि प्रत्येक सभासदाच्या घरातल्या प्रत्येकाचं कार्ड काढून द्यायचं. दुसरं, सरकारी योजनेतून सुटणाऱ्या खर्चासाठी, म्हणजे दाखल होण्याआधीच्या तपासण्या, नंतरची औषधं आणि बुडालेली मजुरी यांसाठी, सभासदांची एक गट पॉलिसी किंवा ती परवडली नाही तर संस्थेचा स्वतःचा निधी. वर्गणी लाभांशातूनच वळती करायची. अट एकच ठेवली आहे, सगळे सभासद किंवा कुणीच नाही, आणि तिशीतल्याला आणि पंच्याहत्तरीतल्याला एकच वर्गणी.

एका तरुण संचालकांनी बैठकीतच विचारलं, "माझ्यासारख्यांनी म्हाताऱ्यांचे पैसे का भरायचे?" त्यांच्या वडिलांची बायपास झाली त्या वर्षी त्यांनी आमच्याकडूनच कर्ज घेतलं होतं. ते मी तिथं काढलं नाही, काढायचंही नव्हतं. मी एवढंच म्हणाले की तुम्ही पंचेचाळीस वर्षांनी भराल ते आत्ताच्या हप्त्यानं भरताय, आणि तोवर तुमच्या घरातले दोन म्हातारे यातच आहेत. त्यांनी विचार करतो म्हणून सांगितलं. अध्यक्षांचा होकार आहे, सचिवांना कायद्याची शंका आहे आणि ती रास्त आहे, कारण निधी संस्थेनं स्वतः चालवायचा झाला तर सहकार खात्याची परवानगी लागेल आणि त्याला विमा म्हणता येणार नाही.

गट पॉलिसीसाठी कंपन्यांकडून दर मागवायचे तर सभासदांची वयानुसार यादी द्यावी लागते. सत्तरीपुढचे सभासद आमच्याकडं बरेच आहेत आणि पुष्कळांच्या जन्मतारखा शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरीच. ती यादी मी या आठवड्यापासून जुळवायला घेतली आहे.